ऑइल प्रेशरचा आकडा नोंदवला पाहिजे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वैमानिक प्रशिक्षणाविषयी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात, इंजिन सुरू केल्यावर ऑइल प्रेशरचा (तेलाच्या दाबाचा) काटा गेजवरील हिरव्या, म्हणजे सामान्य मर्यादेच्या, पट्ट्यात आला की ती तपासणी पूर्ण झाली, अशा अर्थाचे एक वाक्य आहे. इंदूरमधील अनेक मराठी घरांतील मुलेमुली हे प्रशिक्षण घेत असतात आणि छोट्या विमानांच्या इंजिनांची देखभाल हेच माझे आयुष्यभराचे काम होते, म्हणून या एका वाक्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

इंजिनातील तेलाचा पंप गिअरचा असतो व तो प्रत्येक फेऱ्याला ठरावीक तेल पुढे ढकलतो. ते तेल बेअरिंगांच्या बारीक फटींतून बाहेर पडताना जो अडथळा होतो, त्यातून दाब तयार होतो. हा दाब प्रमाणाबाहेर वाढू नये म्हणून जादा तेल सोडून देणारा, स्प्रिंगचा रिलीफ व्हॉल्व्ह असतो. साहजिकच दाबाचा आकडा इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे), तेलाचे तापमान आणि आतील झीज या तिन्हींवर अवलंबून राहतो आणि पहिल्या दोन गोष्टी सोबत लिहिल्या नाहीत, तर तिसरीविषयी त्यातून काहीही कळत नाही.

प्रशिक्षणात सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेसना 172 एस या विमानात हिरवा पट्टा 50 ते 90 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचे एकक) इतका रुंद असतो. खालची लाल रेघ 20 वर व वरची 115 वर. समजा, एखादे इंजिन ठरावीक आरपीएमला आणि ठरावीक तापमानाला 75 दाखवत होते आणि काही महिन्यांनी त्याच परिस्थितीत 60 दाखवू लागले, तर दोन्ही वेळा काटा हिरव्यातच असल्यामुळे विद्यार्थी ‘ठीक’ म्हणून पुढे जाईल. देखभाल करणाऱ्याला मात्र त्या पंधरा अंकांची कारणे शोधावी लागतात. याउलट मे महिन्याच्या दुपारी, बिजासन टेकडीजवळच्या आपल्या विमानतळावर प्रवासी विमान उतरेपर्यंत ताटकळत उभे राहिल्यावर, तेल पातळ होऊन मंद गतीला काटा हिरव्याच्या खाली आला तरी तो लाल रेषेच्या वर असेल आणि थ्रॉटल वाढवताच चढत असेल, तर घाबरण्याचे कारण नसते. जानेवारीच्या सकाळी तेच इंजिन घट्ट तेलामुळे चढा आकडा दाखवते. तेव्हा तेल तापेपर्यंत आरपीएम वाढवू नये.

सुरू करण्यापूर्वी काटा शून्यावर आहे का, हेही पाहावे, कारण बंद इंजिनावर गेज दहा दाखवत असेल तर नंतरच्या प्रत्येक आकड्यावर शंका घ्यावी लागते. सुरू केल्यावर सुमारे 30 सेकंदांत दाब दिसला नाही, तर इंजिन बंद करायचे, हे सर्वांना पाठ असते.

दाबावरून तेल किती आहे हे कळत नाही, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. याच विमानात तेल 8 क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे जवळजवळ एक लिटर) असो वा किमान मर्यादेचे 5, दाब साधारण सारखाच राहतो. पंप हवा ओढू लागला की मग दाब कोसळतो. तेल किती आहे हे पाहण्यासाठी डिपस्टिकला (तेलात बुडवून पातळी मोजायच्या पट्टीला) पर्याय नाही. उड्डाणात दाब घटला आणि तापमान स्थिर असेल, तर दोष गेजचा किंवा रिलीफ व्हॉल्व्हचा असण्याची शक्यता असते, तरीही जवळच्या विमानतळावर उतरावे. पण तापमानही चढू लागले, तर शक्ती कमी करून उतरण्यायोग्य मोकळी जागा हेरावी.

लायकमिंग कंपनीच्या काही इंजिनांत रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे वॉशर घालून दाब वाढवता येतो. ही सोय आवश्यकच आहे. परंतु दाब का उतरला, हे न तपासता वॉशर घातला, तर काटा हिरव्यात येतो आणि झीज झाकली जाते. मला याची गेजच्या दोषापेक्षा अधिक भीती वाटते.

म्हणून प्रशिक्षण संस्थांना विनंती आहे, की त्यांनी दिवसाच्या पहिल्या उड्डाणापूर्वी एकाच ठरलेल्या आरपीएमला दाब व तेलाचे तापमान विद्यार्थ्याकडूनच अंकांत लिहून घ्यावे. फिल्टर असलेल्या इंजिनात साधारण 50 तासांनी तेल बदलताना जुना फिल्टर कापून झिजेतून आलेले धातूचे कण पाहिले जातात. त्या वेळी हे आकडे शेजारी असले, तर सापडलेल्या कणांचा अर्थ लावणे पुष्कळ सोपे जाईल.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता, इंदूर