तीच गाणी परत कशाला ऐकायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका ज्येष्ठ वाचकांनी लिहिलं होतं, की विदेशी बँड मुंबईत आला की पोरं हजारो रुपये घालून रात्रीच्या गाडीनं पळतात आणि ऐकतात काय तर जे मोबाइलवर बसल्या जागी मिळतं तेच, वर त्याच गाण्यांचे लाइव्ह अल्बम पण घेतात, म्हणजे एकच गाणं चार चार वेळा. काकांनी ते चिडून लिहिलं नव्हतं, खरंच कळत नाहीये म्हणून विचारलं होतं, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटतंय. मी काही कॉलेजचा पोरगा नाही, पन्नाशी ओलांडलेला, विश्रामबागेत राहणारा माणूस आहे आणि कळत्या वयापासून मार्क नॉफ्लर या ब्रिटिश गिटारवादकाचा भक्त आहे. भक्त हाच शब्द बरोबर आहे, फॅन म्हणून भागत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नॉफ्लरचा जन्म १९४९ चा, ग्लासगोचा, वाढला न्यूकॅसलच्या बाजूला. आधी लीड्समध्ये यॉर्कशायर इव्हनिंग पोस्ट या पेपरात वार्ताहर होता (संपादक साहेब, म्हणजे तुमच्याच धंद्यातला माणूस), मग मास्तरकी केली, आणि १९७७ मध्ये लंडनला डायर स्ट्रेट्स बँड काढला. माणूस डावखुरा, पण गिटार उजव्या हातानं वाजवतो, आणि तारा छेडायची छोटी चकती, म्हणजे पिक, वापरत नाही. नुसता अंगठा आणि पुढची दोन बोटं. व्हिडिओत त्याच्या हाताकडे नीट बघा, तार मारत नाही तो, चिमटीत धरल्यासारखी ओढून सोडतो, म्हणून प्रत्येक सुराच्या सुरुवातीला एक छोटा फटका ऐकू येतो आणि तो फटका कधी हलका कधी कडक, हे सगळं बोटावर. शंभर गिटारवाले वाजवत असले तरी हा कळतो.

आता मुद्द्याचं. त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे सुलतान्स ऑफ स्विंग. एका जवळपास रिकाम्या पबमध्ये एक साधासा जॅझ बँड वाजवत होता, ऐकायला चार टाळकी, आणि शेवटी त्यांनी मोठ्या ऐटीत जाहीर केलं की आम्ही सुलतान्स ऑफ स्विंग, त्यावरून हे गाणं सुचलं. गंमत अशी की आधी त्यानं ते नॅशनल कंपनीच्या धातूच्या गिटारवर बांधलं होतं आणि त्याला स्वतःलाच ते नीरस वाटत होतं, १९७७ मध्ये स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार हातात आली आणि त्याच गाण्याची चाल बदलली. म्हणजे स्टुडिओत जायच्या आधीच गाणं एकदा बदलून झालं होतं! १९७८ च्या पहिल्या अल्बममध्ये ते पावणेसहा मिनिटांचं आहे. नीटनेटकं, सुंदर, त्याला नावं ठेवायला जागा नाही.

आणि मग १९८३ चा जुलै, लंडनचं हॅमरस्मिथ ओडियन. तिथं झालेल्या कार्यक्रमांवरून अल्केमी नावाचा डबल अल्बम १९८४ मध्ये निघाला, कव्हरवर ब्रेट व्हाइटली या ऑस्ट्रेलियन चित्रकाराचं चित्र आहे, एक हात गिटार धरतोय आणि गिटारला लालभडक ओठ. त्यात हेच गाणं जवळपास अकरा मिनिटं चालतं. पाच वर्षं गावोगाव वाजवून वाजवून गाणं मोठं झालंय, ड्रम्सवर टेरी विल्यम्स आहे जो पहिल्या रेकॉर्डवर नव्हता आणि तो इतका जोरात हाणतो की लय सारखी पुढं ढकलत राहते, ॲलन क्लार्कची कीबोर्ड आहेत, जी मूळ गाण्यात नव्हतीच. गाणं जिथं स्टुडिओत हळूहळू आवाज कमी होऊन संपतं तिथं इथं खरी सुरुवात होते. नॉफ्लर आवाज एकदम खाली आणतो, अगदी दोन-तीन सुरांवर खेळत बसतो, बाकीचे नुसता ठेका धरून थांबतात, मग थोडं वर, परत खाली, लोकांना वाटतं आता येणार आता येणार आणि तो देत नाही, आणि शेवटी ती भरभर पळणारी तान येते ज्याची सगळे वाट बघत असतात. विलंबितातून द्रुतात नेणं हेच की हो! काकांनी आयुष्यात मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीतला कार्यक्रम एकदा तरी ऐकला असेलच, तिथं कुणी उठून म्हणतं का, की हा राग आम्ही मागच्या वर्षी ऐकलाय, आता नको?

आपला जिल्हा तर या बाबतीत कुणाकडून शिकायच्या स्थितीत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत नाटक उभं केलं, पुढं दीनानाथांची बलवंत संगीत मंडळी इथं होती, आणि संगीत नाटकाला जाणाऱ्या आपल्या आज्या-आजोबांना प्रत्येक पद तोंडपाठ असायचं तरी ते त्याच पदाला तीन तीन वेळा वन्स मोअर घ्यायचे. का घ्यायचे? दुसऱ्यांदा गाताना गवई वेगळी जागा घेणार हे त्यांना ठाऊक होतं म्हणून. नॉफ्लरच्या लाइव्ह रेकॉर्डी गोळा करणारा माणूस तेवढंच करतोय, फक्त जागा हॅमरस्मिथची आहे. आणि मिरजेच्या सतारमेकर गल्लीत बसून तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या कारागिराला जाऊन विचारा की एकच तार दोन दिवशी सारखी बोलते का.

काकांचं एक मात्र बरोबर आहे, सगळेच लाइव्ह अल्बम घेण्यासारखे नसतात. डायर स्ट्रेट्सचाच ऑन द नाइट घ्या, १९९२ च्या टूरमधला, १९९३ मध्ये आलेला. माझ्या मते तो अल्केमीच्या जवळपासही जात नाही. ती टूर फारच लांबली होती, दोनशेच्या वर कार्यक्रम, त्यानंतर बँडच संपला, आणि ते दमणं त्या रेकॉर्डमध्ये मला ऐकू येतं, सगळं जागच्या जागी आहे पण धोका कुणी घेत नाहीये. तरी त्यात रोमिओ अँड ज्युलिएट मध्ये पॉल फ्रँकलिनची पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची गिटार) आहे आणि तेवढ्यासाठी मी तो परत परत लावतो. म्हणजे चार वेळा एकच गाणं घेतल्याचं दुःख नाही, चारातलं कुठलं कुठल्या संध्याकाळी लावायचं हे ठरवता येतं.

डायर स्ट्रेट्सच्याच टेलिग्राफ रोड या गाण्याबद्दल तर वेगळं पत्र लिहावं लागेल. एक माणूस रानातून पायवाट पाडत येतो, मुक्काम करतो, मागून लोक येतात, शाळा, कोर्ट, कारखाने, सहापदरी रस्ता, आणि मग कामं बंद. अमेरिकेत डेट्रॉइटच्या बाजूला खरोखरच या नावाचा रस्ता आहे, टूरच्या बसमधून जाताना नॉफ्लरला हे सुचलं. १९८२ चं गाणं, चौदा मिनिटांचं. आमच्या इकडं शिकलेली पोरं पुण्याला जातात आणि घरात दोन म्हातारी माणसं राहतात, तेव्हा मला त्यातली शेवटची तीन-चार मिनिटं, जिथं शब्द संपतात आणि फक्त गिटार राहते, ती फार लागतात. अल्केमीत ती स्टुडिओपेक्षा जास्त रागानं वाजवलीत, आणि मला तो राग बरोबर वाटतो.

मी नॉफ्लरला प्रत्यक्ष ऐकलंय, मार्च २००५ मध्ये, शांग्री-ला टूरला तो मुंबईत आला होता तेव्हा. मित्रांबरोबर सांगलीहून ट्रॅव्हल्सनं गेलो. मैदानात बरंच मागं उभा होतो, तो बोटाएवढा दिसत होता, पण रोमिओची सुरुवात त्या चकचकीत नॅशनल गिटारवर झाली आणि माझ्या शेजारी उभा असलेला एक अनोळखी माणूस, टाय लावलेला, सरळ ऑफिसातून आलेला दिसत होता, तो डोळे पुसायला लागला. आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही पण सगळी गाणी बरोबर म्हटली. हे मोबाइलवर कसं मिळणार सांगा. आणि तेव्हा मोबाइल वर धरून बघणारेही नव्हते फारसे, आता मात्र पोरांनी तेवढं कमी करावं, मागच्याला काही दिसत नाही.

२०१९ मध्ये नॉफ्लरनं ही माझी शेवटची टूर असं जाहीर करून सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शेवटचा कार्यक्रम केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडं कृष्णेचा पूर आला. गावभागातल्या आमच्या जुन्या घरात माझा कॅसेटचा खोका तळमजल्यावर होता, पाणी उतरल्यावर खोका उघडला तर चिखलानं भरलेला, अल्केमीची कॅसेट हातात घेतली तर फीत बाहेर आली ती चॉकलेटी रंगाची लगदा होऊन. लोकांचं घरदार गेलं होतं तेव्हा कॅसेटचं दुःख कुणाला सांगणार, मी कुणालाच नाही सांगितलं. महिन्याभरानं त्याचा शेवटचा कार्यक्रम झाल्याची बातमी वाचली. आता तो टूर करणार नाही, २०२४ च्या जानेवारीत त्यानं आपल्या बऱ्याच गिटारी लिलावात पण काढल्या, ८८ लाख पौंडांच्या वर आले आणि त्यातला पाव हिस्सा त्यानं संस्थांना दिला. त्याचे नवे अल्बम येतात, चांगले असतात, पण स्टेजवरचा नॉफ्लर आता फक्त या लाइव्ह रेकॉर्डींमध्येच आहे. ज्यांना २००५ ला जाता आलं नाही, ज्यांचा तेव्हा जन्मही नव्हता, त्या पोरांनी त्याला ऐकायचं कुठं? म्हणून ती घेतात, आणि त्यांनी घ्यावीत.

जाता जाता एक विनंती. तुमच्या रविवारच्या पुरवणीत सिनेमाला अख्खं पान असतं, त्यातला एक कोपरा महिन्यातून एकदा अशा गाजलेल्या मैफलींच्या रेकॉर्डिंगसाठी द्या, देशी असो विदेशी असो, कुठं झाली, कोण कोण वाजवत होतं, काय ऐकायचं एवढं लिहिलं तरी पुरे. आणि सांगली-मिरजेत एखाद्या शाळेनं किंवा वाचनालयानं एक खोली आणि दोन बऱ्यापैकी स्पीकर दिले तर आम्ही काही जण मिळून दर महिन्याला एक अख्खा लाइव्ह अल्बम मधे न थांबवता ऐकायचा कार्यक्रम करायला तयार आहोत, फी काही नाही. त्या काकांना तुमच्या पेपरातूनच आमंत्रण देतो, पहिल्या दिवशी अल्केमी लावू, त्यांनी पुढच्या खुर्चीत बसावं, आणि पुढच्या महिन्यात काय लावायचं ते त्यांनी ठरवावं.

आपला,
एक नियमित वाचक
विश्रामबाग, सांगली