ऊसतोड कामगारांनाही मतदानाच्या दिवसाआधी मत देऊ द्या : मुख्य निवडणूक आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग,
निर्वाचन सदन, नवी दिल्ली.

महोदय,

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेचा प्राथमिक शिक्षक म्हणून नोकरी करताना मी अनेक निवडणुकांत मतदान अधिकारी आणि पुढे केंद्राध्यक्ष म्हणून काम केले. मतदानाच्या ठरलेल्या दिवसाआधी मत देण्याची सोय आपल्या कायद्यात आहे, हे सर्वसाधारण मतदाराला सहसा माहीत नसते. आम्हा कर्मचाऱ्यांना ती चांगली परिचयाची आहे, कारण निवडणुकीच्या कामावर जाणारा माणूस स्वतःच्या केंद्रावर पोहोचू शकत नाही, आणि म्हणून प्रशिक्षणाच्या ठिकाणी उभारलेल्या सुविधा केंद्रात त्याचे मत आधीच घेतले जाते. तेथे ओळख पटवली जाते, टपाली मतपत्रिका हाती मिळते, पडद्याआड खूण करून ती लहान लिफाफ्यात आणि तो लिफाफा घोषणापत्रासह मोठ्या लिफाफ्यात घालून सीलबंद पेटीत टाकला जातो. मतदार दुसऱ्या मतदारसंघातला असला तरी त्याचे पाकीट त्याच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचवले जाते. ही व्यवस्था मी मतदार म्हणून अनुभवली आहे आणि तिच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्यापर्यंत ती अजून पोहोचलेली नाही.

महाराष्ट्र विधानसभेच्या २००९, २०१४ आणि २०१९ च्या निवडणुकांचे मतदान ऑक्टोबर महिन्यात झाले. २०२४ मध्ये ते २० नोव्हेंबरला झाले आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम त्याआधी पाच दिवस, १५ नोव्हेंबरला सुरू झाला. आमच्या जिल्ह्याची ज्याला माहिती आहे, त्याला या दोन तारखांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. दिवाळी आटोपली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, पावसाळ्यातच उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, त्यामुळे निघण्याचा दिवस कामगाराच्या हाती नसतो. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर आणि सीमेपलीकडे कर्नाटकातील कारखान्यांच्या फडांवर (तोडणीच्या उसाच्या शेतांवर) ही माणसे पोहोचतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, तेथेच कोप्या (पाचटाच्या झोपड्या) करून राहतात. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जात असल्याने प्रत्येक कोयत्यामागे दोन मते गावाबाहेर जातात, आणि त्यांत बायकांची संख्या पुरुषांइतकीच असते, ही गोष्ट मतदानाच्या टक्केवारीची चर्चा करताना फारशी कोणी लक्षात घेत नाही.

२०२४ च्या त्याच निवडणुकीत गृहमतदानासाठी, म्हणजे मतदाराच्या घरी जाऊन मत घेण्यासाठी, एका पथकाबरोबर जाण्याची संधी मला मिळाली. २०१९ साली आपल्या आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती करून ८० वर्षांवरील मतदार आणि दिव्यांग यांच्यासाठी ही सोय केली. मार्च २०२४ मध्ये वयाची अट ८५ करण्यात आली. दोन मतदान अधिकारी, सूक्ष्म निरीक्षक, चित्रीकरण करणारा आणि पोलीस एवढी माणसे एका मतासाठी डोंगरातल्या वस्तीवर जातात, घरात पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतात आणि थकलेल्या हाताला घाई न करता मत देऊ देतात. लोकशाहीचे इतके आदराचे रूप मी माझ्या नोकरीत दुसरे पाहिलेले नाही. एका घरी आजींनी मत दिले तेव्हा मतदार यादीत त्यांच्याच खाली मुलाचे आणि सुनेचे नाव होते, आणि ती दोघे त्या वेळी कारखान्यावर ऊस तोडत होती. आजींसाठी शासन उंबऱ्यापर्यंत आले; मुलासाठी आणि सुनेसाठी मात्र जवळपास कोठेही एक पेटी ठेवण्याची तरतूद नव्हती. हा प्रश्न आजींनी मला विचारला नाही, पण मतदान अधिकारी म्हणून तो मला पडला आणि आजही पडतो.

मतदानाच्या दिवशी सुट्टी असते आणि कामगाराने गावी येऊन मत द्यावे, असे कोणी म्हणेल. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १३५ ब मध्ये भरपगारी सुट्टीची तरतूद आहे आणि ती रोजंदारीवरील कामगारालाही लागू आहे. परंतु ऊसतोड कामगाराची मजुरी टनावर ठरते आणि उचलीतून वळती होते. सुट्टीचा पगार त्याने कोणाकडे मागायचा? फडावर एक दिवस गेला नाही तर खाडा लागतो, बैलांना आणि लहान लेकरांना मागे सोडता येत नाही, आणि तीनशे-चारशे किलोमीटरचा प्रवास त्याच्या खिशाबाहेरचा असतो. मग त्याला आणण्यासाठी गाड्या येतात. त्या कोण पाठवतो, त्यात कोणाला बसवले जाते आणि वाटेत काय सांगितले जाते, हे आमच्या भागात सर्वांना माहीत असते. मतदारांची मोफत वाहतूक हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे, तरीही ज्याच्याकडे मत द्यायला जाण्याचा दुसरा मार्गच नाही, त्याला त्या गाडीत बसल्याबद्दल दोष देणे मला जमत नाही. त्याचे मत दुसऱ्याच्या गाडीवर अवलंबून राहते, याची जबाबदारी आपल्या सर्वांची आहे.

कायद्यात जागा आहे, हे मी अदबीने निदर्शनास आणू इच्छितो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६० (क) प्रमाणे आयोग शासनाशी विचारविनिमय करून एखाद्या वर्गातील व्यक्तींना टपाली मतदानासाठी अधिसूचित करू शकतो. रेल्वे, वीज, आरोग्य अशा अत्यावश्यक सेवांतील कर्मचाऱ्यांना याच मार्गाने ही सोय मिळाली असून, त्यांच्यासाठी मतदानाआधी सलग तीन दिवस सकाळी ९ ते सायंकाळी ५ टपाली मतदान केंद्र उघडे ठेवले जाते. त्याच यादीत हंगामी स्थलांतरित ऊसतोड कामगारांची भर घालावी, ही माझी विनंती आहे.

वेळेचा मेळ कसा बसेल, याचाही मी विचार केला आहे. मतपत्रिका उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्याशिवाय छापता येत नाही. २०२४ मध्ये ही मुदत ४ नोव्हेंबरला संपली, म्हणजे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी; तोवर अनेक टोळ्या निघालेल्या किंवा निघण्याच्या बेतात असतात. त्यामुळे केवळ गावात आगाऊ मतदान घेऊन भागणार नाही. परंतु निवडणुकीची अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली होती आणि नमुना १२ डी, म्हणजे टपाली मतासाठीचा अर्ज, भरण्यासाठी त्यानंतरचे पाच दिवस असतात. या पाच दिवसांत कामगार गावातच होता. केंद्रस्तरीय अधिकारी जसा वृद्धांच्या घरी अर्ज घेऊन जातो, तसाच तो या कुटुंबांकडे गेला, कोणत्या कारखान्याकडे जाणार हे त्याने लिहून घेतले, तर पुढची मतपत्रिका कोठे पोहोचवायची हे आधीच ठरेल. ग्रामसेवकांमार्फत दिलेली ऊसतोड कामगारांची ओळखपत्रे पडताळणीला उपयोगी पडतील. मत कारखान्याच्या भागात घेता येईल, आणि पाकिटे मूळ मतदारसंघात पोहोचवण्याची पद्धत कर्मचाऱ्यांसाठी आपण आजही वापरतोच.

एका गोष्टीचा मात्र मी आग्रह धरतो. हे केंद्र कारखान्याच्या आवारात किंवा त्याच्या गट कार्यालयात (गावपातळीवरील कार्यालयात) असू नये. जवळच्या सरकारी शाळेत किंवा तहसील कार्यालयात असावे, आणि मुकादमाला त्याच्या दारापर्यंतही येऊ देऊ नये. उचलीखाली दबलेल्या माणसाचे मत गुप्त राहिले नाही, तर ही सोय त्याच्यासाठी नवा जाच ठरेल. उमेदवारांचे प्रतिनिधी, निरीक्षक आणि चित्रीकरण गृहमतदानाप्रमाणेच असावे. घोषणापत्रातील चुकीमुळे टपाली मते बाद होतात, हे मतमोजणीच्या टेबलावर बसलेला प्रत्येक कर्मचारी जाणतो. म्हणून ते भरून घेण्याची आणि साक्षांकित करण्याची जबाबदारी केंद्रावरील अधिकाऱ्याचीच असावी. अक्षरओळख नसलेल्या मतदाराला, विशेषतः स्त्रियांना, सोबतीला कोणाला घ्यायचे हे स्वतः ठरवू द्यावे.

आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राची, म्हणजे आहे तेथूनच आपल्या मूळ मतदारसंघात मत देण्याच्या यंत्राची, कल्पना मांडली होती. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांची सोय होणार होती. राजकीय पक्षांनी शंका घेतल्या आणि विषय मागे पडला. यंत्राबद्दल मतभेद असू शकतात, परंतु टपाली मतपत्रिका कोणत्याही पक्षाला नवी नाही.

सध्याच्या विधानसभेची पहिली बैठक डिसेंबर २०२४ मध्ये झाली, त्यामुळे तिची मुदत डिसेंबर २०२९ पर्यंत आहे. तारखा लवकर घेतल्या नाहीत, तर पुढची निवडणूकही गाळप हंगामातच येईल. तयारीला वेळ आहे. गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज आणि परळी या आमच्या जिल्ह्यातील सहा मतदारसंघांपुरता तरी हा प्रयोग त्या वेळी करावा आणि त्यासाठीची अधिसूचना आधीच्या पावसाळ्यात, मुकादम उचली वाटू लागण्यापूर्वी, काढावी, अशी माझी आपणास विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक व मतदार,
जिल्हा बीड