टेकडी ग्रुप: रविवारची बैठक आणि फोनबद्दल थोडं

मंडळी, येत्या रविवारी सकाळी साडेसहाला नेहमीसारखं तळजाईवर भेटायचंय, पण फेरी जरा लवकर आटपा आणि साडेसातला सगळे पार्किंगजवळ थांबा, अर्धाच तास. नुसतं ऐकायची प्रॅक्टिस करणार आहोत. दोघादोघांच्या जोड्या, एकाने तीन मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने गप्प ऐकायचं, मग उलट. मधेच "अहो आमच्याकडे पण अगदी अस्संच" नको, आणि सल्ला तर बिलकुल नको, आपल्याकडे गुडघा दुखतो म्हटलं की चार तेलांची नावं येतात! नवराबायको एका जोडीत नकोत, कारण सगळ्यांना माहितीये.

- फोन सायलेंट करून खिशात, हातात नाही.
- ग्रुपवर रात्री दहानंतर मेसेज टाकू नका. कुणाचं काही खटकलं तर टाइप करत बसण्यापेक्षा सरळ फोन लावा, लिहिलेली चेष्टाही टोमणा वाटते.
- चहा थर्मासमधून येईल, कप आपापला आणा.

कुणाला मनावर फारच ताण असेल तर सरकारी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर सेव्ह करून ठेवा, चोवीस तास चालू, फुकट, मराठीतही बोलता येतं.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव टाका. नुसता अंगठा नको, कोण येतंय तेच कळत नाही.