डीबीचे झाकण उघडणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की आपल्या अंकात घरांना लागलेल्या आगींच्या बातम्या वाढतात आणि 'प्राथमिक अंदाजानुसार शॉर्टसर्किट' एवढ्यावर त्या संपतात. नाशिकमध्ये वायरमन म्हणून रोज लोकांच्या डीबी, म्हणजे घरभर वीज वाटून देणाऱ्या फ्यूज-स्विचच्या पेट्या, उघडत असल्याने त्यात थोडी भर घालतो.

शॉर्टसर्किट झाले तर चांगला एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद होणारा स्विच) क्षणात पडतो, म्हणजे बंद होतो. आम्हा वायरमन लोकांना धास्ती असते ती डीबीत वायरी आवळून धरणाऱ्या ढिल्या स्क्रूची. तिथे करंट वाढत नाही, म्हणून एमसीबीला काही कळत नाही. गळती नसते, म्हणून आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून बंद होणारा स्विच, तोही पडत नाही. गीझर लावला की ती जागा तापते, बंद केला की निवते, आणि या तापण्या-निवण्यात स्क्रू आणखी ढिला होतो. जुन्या ॲल्युमिनियमच्या वायरिंगमध्ये हे अधिकच. झाकण काढले की न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या वायरींच्या, पट्टीवरचा एखादा स्क्रू काळा पडलेला दिसतो, शेजारच्या वायरीचे आवरण कडक होऊन तडकलेले. त्याआधी काही दिवस घरात मासळी जळल्यासारखा वास येतो. शाकाहारी घरात मग शेजाऱ्यांवर संशय!

इंग्लंडमध्ये जानेवारी 2016 पासून घरातल्या नव्या फ्यूज बॉक्सचे, म्हणजे आपल्या डीबीचे, आवरण न जळणारे, म्हणजे बहुतेक लोखंडी पत्र्याचे, असावे असा नियम आहे. प्लॅस्टिकच्या बॉक्सना लागणाऱ्या आगींकडे लंडनच्या अग्निशमन दलाने लक्ष वेधल्यावर तो आला. तिथल्या इलेक्ट्रिशियन मंडळींतही यावर वाद झाला: पत्रा आग आत कोंडेल, पण ढिला स्क्रू कोण आवळणार? मला हा सवाल रास्त वाटतो. आपल्याकडे पत्र्याची डबल डोअर डीबी सर्रास मिळते. पण गंगापूर रोड, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये इंटिरिअरवाले तिच्यावर प्लायवूडचे कपाट चढवतात आणि आत चपला, रद्दी, देवघराचे तेल ठेवले जाते. पत्र्याच्या डीबीचा मग उपयोग काय?

शिवाय पत्र्याला अर्थिंग हवेच. जुन्या नाशकात अर्थची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधायची पद्धत होती. पाइप बदलून पीव्हीसीचे आले, तार तशीच लोंबकळत राहिली. अशा घरात पत्र्याची पेटी बसवली आणि फेजची, म्हणजे वीज आणणारी, वायर तिला टेकली, तर अख्ख्या पेटीत वीज उतरणार.

गिऱ्हाइकाची बाजूही सांगतो. एसी घेतला, एमसीबी वारंवार पडू लागला, की फर्माईश ठरलेली: "जरा मोठा टाका ना." 16 अँपियरच्या जागी 32 चा बसतो, वायर मात्र तीच दीड एमएमची. एमसीबी वायरीला वाचवण्यासाठी असतो, हे पटवताना तोंडाला फेस येतो. नाही म्हटले की दुसरा कोणीतरी टाकून जातो.

नवीन मीटर घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्यानंतर घरमालकाने स्वतः बोलावले तरच कोणी ती डीबी उघडते. उंच इमारतींना मात्र 2006 च्या राज्याच्या आग प्रतिबंधक कायद्याखाली जानेवारी आणि जुलैत अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. सोसायट्या त्यासाठी पैसे मोजतातच. जानेवारीच्या फेरीत परवानाधारक वायरमनकडून प्रत्येक फ्लॅटची डीबी उघडून, मेन बंद करून स्क्रू आवळून घ्यावेत, असा ठराव कोणतीही सोसायटी करू शकते. साध्या डीबीला अर्धा तास पुरतो.

वाड्यांचे दुखणे निराळे. भद्रकाली, पंचवटीत आजही लाकडी पाटावर किटकॅट, म्हणजे जुने चिनी मातीचे, फ्यूज आहेत आणि त्यांत फ्यूजच्या तारेऐवजी हाताला लागेल तो वायरचा तुकडा. मालक म्हणतो जागा खाली करा, भाडेकरू म्हणतो बोर्ड मालकाचा. महापालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. त्या पाहणीत भिंतींबरोबर मीटरचा बोर्डही पाहावा आणि नोटिशीत त्याचा उल्लेख यावा. बोर्ड बदलायचा खर्च कोणाचा, तेही तिथेच लिहून द्यावे.

आपला,
एक परवानाधारक वायरमन,
पंचवटी, नाशिक