हिमवादळातले यंत्र आणि फावडेवाले

महोदय,

डोंगरी रेल्वेमार्ग हिमवादळात बंद पडला की छायाचित्र छापून येते ते बर्फाचा फवारा उडवणाऱ्या यंत्राचे. मोठे देखणे दिसते. पण त्याला काय जमत नाही, याबद्दल बातमीत अवाक्षर नसते.

या यंत्राचे पात्यांचे चाक साधारण तीन मीटर व्यासाचे असते. वाऱ्याने रुळांवर साठलेला भुसभुशीत बर्फ ते कापून दूर फेकते. बहुतेक यंत्रांना मागून इंजिने ढकलतात. ढकलणाऱ्याने घाई केली की चाक तुंबते. उतारावरून कोसळलेल्या ढिगाची गोष्ट वेगळी. तो बर्फ थांबताच आवळून घट्ट बसतो आणि त्यात उन्मळलेली झाडे, दगड असतात. ओंडका अडकला की पाती मोडतात. त्यामुळे आधी माणसांनीच कुऱ्हाडी-फावडी घेऊन तिथे उतरायचे, तेही ज्या घळीतून आणखी बर्फ येऊ शकतो तिच्याखाली!

कॅनडातल्या रॉजर्स खिंडीत ४ मार्च १९१० च्या रात्री हेच घडले. एका बाजूच्या डोंगरावरून आलेला ढीग कामगार उपसत होते, तेवढ्यात समोरच्या डोंगरावरून दुसरा लोंढा आला. ५८ जण गेले, त्यांत ३२ जपानी मजूर. खिंडीतला तो मार्ग टाळणारा कॉनॉट बोगदा १९१६ मध्ये सुरू झाला.

मार्ग मोकळा झाला तरी काम संपत नाही. गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्यात सरकता रूळ आणि स्थिर रूळ यांच्यामध्ये बर्फाचा चपटा तुकडा राहिला, तरी सांधा पूर्ण बसत नाही आणि सिग्नल मिळत नाही. बर्फ वितळवणारे तापक बसवलेले असले तरी धावत्या गाडीखालून गळालेले गोळे नेमके तिथेच पडतात. ते झाडू आणि पहार घेऊनच काढावे लागतात. रस्ता ओलांडणाऱ्या फाटकात रुळालगत चाकाच्या कडेसाठी ठेवलेल्या खाचेत बर्फ गोठला तर चाकाची कड त्यावर चढून डबा घसरतो. ती खाच साफ करणारे गाडीखालचे पाते सांधा येण्याआधी उचलायचे असते, आणि उचलण्याची खूण दाखवणारी पाटीच वादळात गाडली जाते. ब्रेकच्या ठोकळ्यांवर बर्फ चढू नये म्हणून चालक मधूनमधून हलका ब्रेक लावत राहतो, ते वेगळेच.

वाहतूक किती तास खोळंबली, हे आपण छापताच. माणसे ढिगावर उतरवण्यापूर्वी वरचा उतार कोणी तपासला आणि फावडेवाल्यांची पाळी किती तासांनी बदलली, हेही बातमीदारांनी विचारावे.

— एक वाचक