अखंड धागा अंगठीत मोजून पाहावा

संपादक महोदय,

सेल्टिक गाठींच्या दागिन्यांवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. छायाचित्रं उत्तम आहेत. पण ‘ही गाठ प्रेमाची, ती मातृत्वाची, ती संरक्षणाची’ ही यादी आणि ‘एकाच अखंड धाग्याची, आदि ना अंत’ हे वर्णन दागिन्याच्या डबीतल्या चिठ्ठीवरून उतरवल्यासारखं वाटतं. ही विणीची नक्षी आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये सातव्या-आठव्या शतकांपासून मठांतली हस्तलिखितं, दगडी क्रूस आणि धातुकाम यांत बहरली. कोणत्या गाठीचा काय अर्थ, हे सांगणारं त्या काळातलं लिखाण मात्र मिळत नाही. तिपाकळी गाठीचा ‘पवित्र त्रयी’ हा अर्थही मागाहून जोडलेला.

नावं चिकटवण्याची हौस तशी जुनीच. डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयातला ‘टारा ब्रूच’ 1850 मध्ये बेटीस्टाउनच्या किनाऱ्याजवळ सापडला. आयर्लंडच्या जुन्या राजांची म्हणून प्रसिद्ध असलेल्या टाराच्या टेकडीशी त्याचा काडीचा संबंध नाही. प्रतिकृती खपाव्यात म्हणून डब्लिनच्या एका जवाहिऱ्याने ते नाव दिलं. सुमारे 8.7 सेंटिमीटर व्यासाच्या कड्यावर सोन्याच्या तारेची इतकी बारीक वीण आहे, की नाव नसतं तरी काही बिघडलं नसतं.

‘आदि ना अंत’ हा दावा मात्र तपासता येतो. सुईचं टोक विणीतल्या एका पेडावर, म्हणजे पट्टीवर, ठेवून पुढे सरकवत जा. दोन पेड एकमेकांना ओलांडतात त्या प्रत्येक जागी, म्हणजे छेदावर, पेड आळीपाळीने एकदा वरून, एकदा खालून गेला पाहिजे. लागोपाठ दोनदा वरून गेला तर वीण चुकली. मूळ जागी परत येईपर्यंत प्रत्येक छेदावरून दोनदा गेलात, तर धागा एकच. तिपाकळी गाठीत तीन छेद आणि एकच धागा असतो. तिच्यात गोल कडी ओवली की धागे दोन होतात. ‘एकच अखंड धागा’ म्हणून विकतात बहुधा तीच. स्वस्त ओतकामात खालचा पेड खाली दबलेलाच नसतो, छेदावर नुसती रेघ ओढलेली असते. दोन-चारदा बफ मारला (चाकावर घासून चमकवलं) की ती रेघ पुसली जाते आणि उरते जाळी. चांदी उजळायच्या द्रावणात बुडवलं तर खोलगटातला ऑक्सिडाइज्ड काळेपणाही जातो.

खरी गंमत तिपेडी वेणीच्या अंगठीत आहे. उजवा पेड मधल्यावरून, मग डावा मधल्यावरून, हे एक पेर. पेरांच्या संख्येला तीनने भाग गेला, तर वेणी मिटल्यावर तीन सुटी कडी एकमेकांत अडकलेली निघतात. नाही गेला, तर एकच धागा. 60 मिलिमीटर घेराच्या अंगठीत 5 मिलिमीटरची 12 पेरं छान बसतात, पण धागे तीन होतात. 4.6 मिलिमीटरची 13 घेतली की एकच. आपल्याकडचा गळ्यातला गोफही पेडांचाच, पण त्याला फाशाची दोन टोकं असल्याने हा प्रश्न येत नाही.

माप कमी करतानाही इथेच घोटाळा होतो. तुकडा कुठूनही कापला तर पेड जुळत नाहीत, हे लगेच दिसतं. नीट एक पेर काढून टोकं डाग देऊन जोडली, तर वीण निर्दोष दिसते, पण 13 ची 12 झालेली असतात. बोट बारीक व्हायची शक्यता असेल तर सुरुवातीलाच 14 पेरं धरावीत, जाड व्हायची असेल तर 13.

– चांदीकाम करणारा एक वाचक, पुणे