पिक्चर ट्यूबच्या काचेला वाली कोण?

संपादक महोदय,

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माळ्यावरचे जुने टीव्ही आणि मॉनिटर खाली येतात व भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतात. टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यात उभी हयात गेल्यामुळे या संचांचे पुढे काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. मागचे झाकण काढून पिक्चर ट्यूबच्या मानेभोवतीचे योक, म्हणजे तांब्याच्या तारेचे वेटोळे, हिसकून काढतात. त्यात मान तुटते आणि उरलेली ट्यूब नाल्याकाठी पडते, कारण तिला कोणी भाव देत नाही. तिच्या मागच्या निमुळत्या भागाची काच शिसेमिश्रित असते.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियमांनी वस्तूंची यादी २१ वरून १०६ वर नेली आणि पुनर्चक्रीकरणाची उद्दिष्टे उत्पादकांवर बंधनकारक केली, हे स्वागतार्हच आहे. परंतु उत्पादक ही जबाबदारी नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण कारखान्यांकडून प्रमाणपत्रे घेऊन पार पाडतात आणि ती सोने, तांबे, ॲल्युमिनियम व लोखंड या चार धातूंच्या हिशेबाने निघतात. म्हणजे भंगारवाल्याला जे हवे, नेमक्या त्याचीच मोजदाद कायदाही करतो! उरलेला घातक भाग कारखान्याने अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच पाठवावा, अशी अट आहे खरी. पण ट्यूब मुळात कारखान्यापर्यंत पोहोचली तर ना.

यावर भंगारवाल्यांमागे पोलिसांचा ससेमिरा लावणे हा उपाय नव्हे. त्याने तोडफोड दुसऱ्या वस्तीत सरकेल, एवढेच. घरोघर पोहोचणारी यंत्रणा आज त्यांच्याकडेच आहे. त्यामुळे महापालिकेने प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात एक खिडकी उघडून तिथे न फोडलेली ट्यूब स्वीकारावी, ती आणून देणाऱ्याला योकच्या तांब्यापेक्षा थोडी अधिक रक्कम रोख द्यावी आणि हा खर्च उत्पादकांकडून वसूल करण्याची तरतूद राज्य शासनाने केंद्राकडे मागावी. अख्खा माल परवडू लागला की फोडायला कोण बसेल?

याच खिडकीवर फुगलेल्या मोबाइल बॅटऱ्याही घ्याव्यात. त्या सुक्या कचऱ्यात गेल्या, तर घंटागाडीत दाबल्या जाऊन पेट घेऊ शकतात आणि त्या वेळी गाडीवर सफाई कर्मचारी उभे असतात. खिडकीचा वार व वेळ घंटागाडीच्या ध्वनिक्षेपकावरून सांगणे महापालिकेला सहज जमण्यासारखे आहे.

आपला,
एक टीव्ही दुरुस्ती कारागीर, पुणे